हाड म्हटलं तरी हलत नाही! (बहिऱ्या कुत्र्याशी बोलायचं कसं?)

'सी' ब्लॉकच्या जिन्याखालची कापशी माहीत नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलात सापडणं कठीण. अंग पांढरंशुभ्र, शेपटीच्या मुळाशी एक बदामी ठिपका, एक डोळा तपकिरी आणि दुसरा निळसर. मेसच्या मावशींनी तिला पावसाळ्यात लाकडांच्या ढिगामागून उचलून आणलं तेव्हा ती कापसाच्या बोंडाएवढी होती (हे माप मावशींचं, माझं नव्हे), म्हणून नाव पडलं कापशी. पुढची दोन वर्षं आम्ही तिला या नावाने हाका मारल्या, 'यू यू' केलं, शिट्ट्या मारल्या. कधी ती यायची, कधी ढुंकूनही बघायची नाही. 'भाव खाते' असं सर्वानुमते ठरलं होतं.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. भाजीचा टेम्पो मेसमागे रिव्हर्स येत होता. हॉर्न चालू, क्लीनर पत्र्यावर थापा मारतोय, आणि कापशी चाकापासून चार हातांवर निवांत पडलेली. कुणीतरी धावत जाऊन तिला ओढली म्हणून वाचली. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. फर्स्ट इयरचा एक मुलगा रात्री दीड वाजता पाण्याची बाटली भरायला निघाला. कॉरिडॉरमध्ये अंधार होता. झोपलेल्या कापशीला ओलांडताना त्याचा पाय तिच्या पाठीला लागला आणि तिने वळून त्याची पँट धरली. पँट फाटली, पोटरीवर ओरखडा उठला. (कुत्र्याला लस दिलेली असली तरी असा ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. 'बघू उद्या' चालत नाही. त्याने इंजेक्शनं पूर्ण घेतली.) सकाळी रेक्टर सरांकडे लेखी तक्रार गेली. सर म्हणाले, कुत्री चावरी असेल तर नगरपालिकेची गाडी बोलवावी लागेल.

आम्ही पाच-सहा जण ऑफिसबाहेर उभे राहून 'ती चावरी नाही हो सर' असं नेहमीचं पालुपद म्हणत होतो. तेवढ्यात मावशी आतून ओरडल्या, "तिले आयकू नाही येत ना बाप्पा! तुमी इंजिनेर पोरं, एवढंबी समजत नाही?"

सरांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चावरी की बहिरी, ते पंधरा दिवसांत सिद्ध करून दाखवा."

हा लेख त्या पंधरा दिवसांचा आणि त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांचा आहे. आपण सगळेच हे शिकत गेलो, पण लिहून कुणीच ठेवलं नाही आणि आता लिहून ठेवण्याची गरज पडली आहे. का, ते शेवटी येईल.

आधी टेस्टिंग

पहिली टेस्ट आम्ही अगदी थाटात केली आणि ती साफ चुकली. कापशी झोपली असताना तिच्यामागे स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. ती ताडकन उठली. "ऐकू येतं!" असा जल्लोष झाला. पण ताट फरशीवर आपटलं की फरशी हादरते, आणि कुत्रा फरशीवर पोट टेकून झोपलेला असतो. म्हणजे आम्ही कान तपासलाच नव्हता. दुसऱ्या वेळी मागून टाळी वाजवली. तिने मान वळवली, कारण टाळी वाजवणाऱ्याची सावली तिच्या पुढ्यात पडली होती. तिसऱ्या वेळी एकाने हवेत फुंकणी मारली, तिचा झोत तिच्या कानाला लागला. प्रॅक्टिकलला आपण रीडिंग 'अॅडजस्ट' करतो तसं इथे करून चालणार नव्हतं. इथे चुकीचं रीडिंग म्हणजे गाडी येणार.

शेवटी नीट बेत केला. जागा मेसमागचं गवत, म्हणजे जमिनीतून कंपन पोहोचणार नाही. वारा तिच्याकडून आमच्याकडे, म्हणजे वास पोहोचणार नाही. आवाज करणारा भिंतीआड. आणि शेजारी कंट्रोल म्हणून गेटवरचा काळा टिप्या. लॅबमधला फंक्शन जनरेटर, अॅम्प्लिफायर आणि ट्वीटर लांब वायरीवर बाहेर आणला (लॅब असिस्टंट काकांचे आभार, त्यांनी रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते विचारू नका). माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ६७ ते ४५,००० हर्ट्‌झपर्यंत. आमचा ट्वीटर २० किलोहर्ट्‌झच्या पुढे जात नव्हता, पण तेवढं पुरेसं होतं. ५०० हर्ट्‌झपासून वर चढत गेलो. टिप्याने प्रत्येक वेळी कान टवकारले, १५ किलोहर्ट्‌झला तर तो उठून निघूनच गेला. कापशीचा कानसुद्धा हलला नाही. तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी, तोच निकाल.

पशुवैद्य डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, पण चिडले नाहीत. म्हणाले, घरगुती टेस्टने दोन्ही कानांनी ठार बहिरा कुत्रा ओळखता येतो, एका कानाने बहिरा असलेला ओळखता येत नाही. त्याला आवाज कळतो, फक्त दिशा कळत नाही, म्हणून हाक मारली की तो भलतीकडेच बघतो. पक्की टेस्ट म्हणजे 'बेअर', ब्रेनस्टेम ऑडिटरी इव्होक्ड रिस्पॉन्स. डोक्याच्या कातडीत बारीक सुयांचे इलेक्ट्रोड लावतात, एकेका कानात 'क्लिक' असा आवाज सोडतात आणि त्यानंतरच्या साधारण १० मिलिसेकंदांत मेंदूच्या मुळाशी उठणाऱ्या लहरी टिपतात.

ईअँडटीसीवाल्यांनी इथे थोडं थांबावं. ही लहर इतकी क्षीण असते की स्नायूंच्या आणि मेंदूच्या इतर विद्युत गोंधळात ती बुडून जाते. मग काय करतात? क्लिक शेकडो वेळा देतात आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. लहर दर वेळी त्याच ठिकाणी येते म्हणून टिकते, नॉइज दर वेळी वेगळा असतो म्हणून आपसात खोडला जातो. एन नोंदींच्या सरासरीने सिग्नल-टू-नॉइज रेशो वर्गमूळ एन पट सुधारतो, म्हणजे १,००० क्लिकांना सुमारे ३२ पट. सिग्नल्स अँड सिस्टिम्सला घोकलेलं एक वाक्य कुत्र्याच्या कानात निघालं! आमच्या भागात ही सोय नव्हती, त्यामुळे कापशीची बेअर झाली नाही. डॉक्टरांनी कान आतून तपासले. मळ नाही, पू नाही, पडदे शाबूत. जन्मजात बहिरेपणा असावा, असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद रेक्टर सरांच्या टेबलावर गेला आणि नगरपालिकेला फोन गेला नाही.

पांढऱ्या रंगाचा आणि कानाचा संबंध

हे मला आधी अंधश्रद्धेसारखं वाटलं होतं, पण संबंध खरा आहे. कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट्स, आतल्या कानातही असतात. तिथे कॉक्लिया नावाच्या शंखाच्या भिंतीत 'स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस' नावाचा रक्तवाहिन्यांनी भरलेला पट्टा असतो. ऐकण्याच्या केसपेशींना लागणारं खास द्रव आणि व्होल्टेज राखण्याचं काम या पट्ट्याचं, थोडक्यात ही कानाची पॉवर सप्लाय. रंगपेशी नसतील तर हा पट्टा पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असताना झडतो, आणि मागोमाग केसपेशी मरतात. सप्लाय गेला की सर्किट गेलं, आणि या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. पिल्लाच्या कानाची नळी उघडते साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे बिचाऱ्याला आवाजाची जेमतेम ओळख होते न होते तोच दार बंद.

ज्या जनुकांमुळे अंगावर मोठे पांढरे भाग येतात (पायबाल्ड) किंवा रंग फुटल्यासारखा ठिपकेदार होतो (मर्ल), त्या कुत्र्यांत हा धोका जास्त. डाल्मेशियन हे नेहमीचं उदाहरण. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्ज स्ट्रेन यांनी हजारो कुत्र्यांच्या बेअर नोंदी गोळा केल्या. त्यांत सुमारे ८ टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी आणि सुमारे २२ टक्के एका कानाने बहिरे निघाले. निळे डोळे असले की शक्यता वाढते. निळ्या डोळ्यांच्या मांजरांच्या बहिरेपणाची नोंद तर डार्विनने १८५९ च्या ग्रंथातच केली होती. मात्र प्रत्येक पांढरं कुत्रं बहिरं नसतं. काही जातींचा पांढरा रंग वेगळ्या जनुकांमुळे येतो, तिथे रंगपेशी जागेवर असतात आणि कान ठणठणीत असतो.

पिल्लू बहिरं आहे हे लवकर का कळत नाही? कारण ते भावंडांकडे बघून सगळं करतं. ती उठली की हे उठतं, ती धावली की हे धावतं. कापशीही दोन वर्षं टिप्याकडे बघून भुंकत होती. टिप्या गेटवर नसला की तिची धांदल व्हायची, हे आता मागे वळून बघताना लक्षात येतं.

सगळा बहिरेपणा जन्मजात नसतो. म्हातारपणी कुत्र्यांनाही माणसांसारखंच कमी ऐकू येऊ लागतं. कानातला जुना संसर्ग, जेंटामायसिनसारखी काही औषधं, यांनीही कान जातो. तेव्हा मेडिकलमधून माणसाचे ड्रॉप्स आणून कुत्र्याच्या कानात घालण्याचा दानशूरपणा कुणी करू नये. आणि तुमच्या घरचा म्हातारा मोती 'हल्ली ऐकतच नाही' अशी तक्रार असेल, तर तो खरंच ऐकतच नसेल, हे एकदा तपासा.

दीडशे मुलं, दीडशे भाषा

आता मुख्य मुद्दा. कुत्रा शब्दांपेक्षा हावभावच जास्त वाचतो, आणि हे आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच तपासलं गेलेलं आहे. कोलकात्याच्या आयसरमधील अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्यावरची, कुणीही न शिकवलेली कुत्री. समोर दोन भांडी, आणि माणूस लांबून एका भांड्याकडे क्षणभर बोट दाखवणार. बरीच कुत्री घाबरून जवळच आली नाहीत. पण जी आली त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी दाखवलेलंच भांडं निवडलं. म्हणजे हाताची भाषा कुत्र्याला नवी नाही. गडबड आपल्याकडून होते.

आमच्याकडून काय झालं ते सांगतो. चावरी-बहिरी प्रकरण मिटल्यावर सगळ्या ब्लॉकला उत्साह आला आणि प्रत्येकाने तिला शिकवायला घेतलं. एकाचं 'ये' म्हणजे दुसऱ्याचं 'जा'. कुणी तर्जनी हलवून 'नको' म्हणायचा, तर दुसरा तीच तर्जनी हलवून खेळायचा. कापशी गोंधळून जिन्याखाली जाऊन बसायची. वर आणखी एक. इंटरनेटवर बघून आम्ही 'बस'साठी हात खाली दाबण्याची खूण धरली. खूण करायला माणूस थोडा वाकतो. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर वाकणं म्हणजे काय? दगड उचलणं! आम्ही 'बस' म्हणायचो आणि ती पळत सुटायची. परदेशी मॅन्युअल जसंच्या तसं आणून चालत नाही, ते असं.

शेवटी स्टँडर्ड ठरवलं आणि मेसच्या नोटीस बोर्डावर चित्रांसकट लावलं. खुणा फक्त सहाच. 'ये' म्हणजे हात बाजूला पूर्ण पसरून छातीकडे आणायचा. 'बस' म्हणजे कोपरातून हात वर, मूठ बंद, वाकायचं नाही. 'थांब' म्हणजे ट्रॅफिक हवालदाराचा तळहात. 'बाजूला हो' म्हणजे दोन्ही हातांनी दार सरकवल्यासारखं. 'नको' म्हणजे हातांची फुली. आणि 'शाब्बास' म्हणजे अंगठा वर. तिच्या नावाची खूण वेगळी, छातीवर दोन बोटं. 'कापशी' हे नाव खरं तर आपल्या सोयीचं, तिचं खरं नाव ही दोन बोटं.

खुणा मोठ्या आणि सावकाश करायच्या. कुत्र्याची नजर बारकाव्याला कमजोर असते. आपल्याला ७५ फुटांवरून जे स्पष्ट दिसतं ते त्याला साधारण २० फुटांवरून दिसतं. उलट हालचाल टिपण्यात आणि अंधुक उजेडात तो आपल्यापेक्षा सरस, आणि मान न वळवता त्याला सुमारे २४० अंशांचा परिसर दिसतो, आपल्याला १८०. त्यामुळे पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा टी-शर्ट घालून बोटांची नाजूक मुद्रा केलीत तर ती तिला दिसणारच नाही. कॉन्ट्रास्ट सांभाळा.

दुसरं, खूण करण्याआधी तिचं लक्ष आपल्याकडे हवं. इथे कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकलेल्यांनी टीसीपीचा हँडशेक आठवावा. कनेक्शन जुळण्याआधी डेटा पाठवला तर तो वाया जातो. कापशी दुसरीकडे बघत असताना तुम्ही 'ये'ची खूण पन्नास वेळा केलीत तरी तिच्या लेखी तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणून आधी तिच्या नजरेच्या कडेला हात हलवा. रात्री टॉर्च जमिनीवर दोनदा चालू-बंद करा, डोळ्यांवर नाही. लेझर पॉइंटर मुळीच नको, काही कुत्र्यांना त्या ठिपक्यामागे धावण्याचं वेड लागतं आणि ते सुटता सुटत नाही. लाकडी फळी असेल तर पाय आपटला की कळतं, आपल्या काँक्रीटच्या स्लॅबवर जवळून आपटावा लागतो. तिने बघितलं की आधी अंगठा, मग खूण, तिने केलं की पुन्हा अंगठा, मग तुकडा.

अंगठ्याचं काय एवढं महत्त्व? ऐकणाऱ्या कुत्र्याला आपण त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणतो. बहिऱ्याला बक्षीस हातात पडेपर्यंत तीन-चार सेकंद जातात, तेवढ्यात तो बसलेला उठतो, आणि मग बक्षीस उठण्याचं होतं. अंगठा हा अचूक क्षणावर मारलेला शिक्का आहे. म्हणून पहिले दोन दिवस काहीच शिकवलं नाही, नुसता अंगठा वर आणि लगेच तुकडा, अंगठा वर आणि लगेच तुकडा. तुकडा म्हणजे चपातीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा, नखाएवढा. क्रीमची बिस्किटं नकोत. चॉकलेट, कांदा आणि द्राक्षं कुत्र्याला विषारी आहेत, बर्थडेचा केक प्रेमाने चारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तोंडाने बोलायचं की नाही? खुशाल बोला. मावशी तिच्याशी दिवसभर बोलतात, भाजीच्या भावापासून सुनेच्या तक्रारीपर्यंत. बोलताना आपला चेहरा आणि खांदे आपोआप बोलतात, ते तिला कळतं. तोंड मिटून नुसत्या खुणा करणारा माणूस कुत्र्याला पुतळ्यासारखा दिसतो. आमच्यातला एक अगदी शास्त्रशुद्ध, गप्प राहून खुणा करायचा. त्याच्याकडे ती सगळ्यांत उशिरा गेली.

झोपेतून उठवणं

सगळ्यांत जास्त वेळ या एका गोष्टीवर घालवा असं मी सांगेन, बाकी खुणा कमी आल्या तरी चालतील. त्या रात्री कापशीने पँट धरली ती रागाने नाही. गाढ झोपेत आपल्यालाही कुणी पाठीत लाथ घातली तर आपला हात आधी उठतो, डोळे नंतर उघडतात. ऐकणाऱ्या कुत्र्याला पावलं दहा फुटांवर असतानाच कळतात. बहिऱ्याला पहिली बातमी मिळते तीच अंगावर.

यावर दोन उपाय, आणि दोन्ही लागतात. पहिला जागेचा. कॉरिडॉरच्या मधलं तिचं पोतं आम्ही जिन्याखालच्या कोपऱ्यात नेलं, दोन बाजूंना भिंत, येणारा माणूस एकाच बाजूने येणार. जिन्याचा बंद पडलेला बल्ब बदलून घेतला (अर्ज दिल्यापासून बल्ब लागेपर्यंत १९ दिवस, पण तो वेगळ्या लेखाचा विषय). दुसरा उपाय सवयीचा. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. आधी उघडा तळहात नाकापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि थांबायचं. वास झोपेतही पोहोचतो, नाकपुड्या हलायला लागतात. नाहीच उठली तर हलकी फुंकर. मग खांद्यावर दोन बोटं, दर वेळी त्याच जागी, आणि डोळे उघडताक्षणी अंगठा आणि तुकडा. रोज दहा-बारा वेळा, आधी जागेपणी, मग डुलकीत, मग गाढ झोपेत. तीन आठवड्यांत तिचं दचकणं खूप कमी झालं. झोपेतून उठवलं म्हणजे काहीतरी खायला मिळतं, असा तिचा पक्का समज झाला. पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही. नवा माणूस चुकला तर ती अजूनही दचकते, फक्त आता वळून पकडत नाही, उठून मागे सरते.

ज्याची पँट फाटली तोच मुलगा यात सगळ्यांत पुढे होता. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता. त्याला कुणी आग्रह केला नव्हता. "तक्रार मी केली होती, तर बघायला पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

बहिरी कुत्री चावरी असतात हा समज जगभर आहे. अमेरिकेतल्या डाल्मेशियनवाल्यांत तर बहिरी पिल्लं मारून टाकावीत असा सल्ला बरीच वर्षं दिला जायचा. इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१४ साली मालकांच्या प्रश्नावल्यांवरून तुलना केली, त्यात बहिरी किंवा आंधळी कुत्री धडधाकट कुत्र्यांपेक्षा जास्त आक्रमक निघाली नाहीत, उलट आक्रमकता थोडी कमीच निघाली. आता मालक आपल्या कुत्र्याबद्दल चांगलंच सांगणार, ही त्रुटी धरूनसुद्धा 'चावरी' हा शिक्का टिकत नाही.

पट्टा, घुंगरू आणि आमचं प्रोजेक्ट

बहिऱ्या कुत्र्याला रस्त्यालगत मोकळं सोडू नये, याला अपवाद नाही. खूण दिसायला तोंड आपल्याकडे हवं, आणि मांजर दिसल्यावर ते आपल्याकडे नसतं. कापशीच्या पट्ट्याला 'मला ऐकू येत नाही' असं लिहिलेला बिल्ला आणि फोन नंबर लावला. शिवाय एक घुंगरू. बहिरीच्या गळ्यात घुंगरू म्हणून सगळे हसले, पण ते तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. अंधारात ती कुठे आहे ते आपल्याला कळतं. भाजीवाल्या टेम्पोच्या ड्रायव्हरलाही कळतं.

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट म्हणून कंपन देणारा पट्टा केला. जुन्या मोबाइलची व्हायब्रेटर मोटर, एक रिसीव्हर मॉड्यूल, छोटी बॅटरी, हातात रिमोट. स्पष्ट सांगतो, हा कंपनाचा पट्टा, करंटचा नव्हे. करंट देणारे पट्टे मिळतात, ते कापशीला तर सोडाच, कुणालाच लावू नयेत. पहिल्या चाचणीत मोटर सुरू होताच ती दोन पायांवर उडाली आणि अर्धा तास जवळ आली नाही. चूक आमची. कंपनाला अजून अर्थच नव्हता. मग एक दिवस पट्टा हातात धरून, एक दिवस तिच्या पोत्याखाली, मग गळ्यात, दर वेळी कंपन आणि लगेच तुकडा. आठवड्याभरात 'कंप आला की माणसाकडे बघ' हे तिला जमलं. कंपन म्हणजे 'ये' नव्हे, फक्त 'बघ'. पुढचं हात सांगतात. पहिल्याच पावसात सर्किटमध्ये पाणी गेलं आणि पट्टा मेला. एक्स्टर्नलने विचारलं, "एन्क्लोजरचं आयपी रेटिंग काय?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मार्क तसेच मिळाले.

आता कापशी कुठे आहे

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवावीत, नसबंदी-लसीकरणानंतरही त्याच जागी परत सोडू नयेत, असा आदेश दिला. आपल्याकडे नोटीस आली तेव्हा ब्लॉकमध्ये दोन तट पडले, आणि दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं होतं. ज्यांना कुत्रं चावलंय त्यांची भीती खोटी नाही. पण शंभर कुत्र्यांच्या निवाऱ्यात बहिरी कुत्री म्हणजे काय, हेही आम्हाला दिसत होतं. तिला गुरगुर ऐकू येत नाही. दुसऱ्या कुत्र्याची धमकी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, थेट दात पोहोचतात. आणि तिथल्या माणसांना सहा खुणा कोण शिकवणार?

मावशींनी चर्चा संपायची वाट बघितली नाही. त्या दुसऱ्या दिवशी पट्टा धरून कापशीला आपल्या घरी घेऊन गेल्या. रेक्टर सरांनी लसीची आणि नसबंदीची कागदपत्रं स्वतः फाइल करून त्यांच्या हातात दिली. घराला कंपाउंड आहे, घरात सात माणसं आहेत, आणि एक चार वर्षांचा नातू आहे. त्याच्यासाठी नियम एकच, झोपलेल्या कापशीजवळ एकट्याने जायचं नाही. नोटीस बोर्डावरचा तक्ता आता त्यांच्या स्वयंपाकघरात लावला आहे. पहिल्या आठवड्यात सासूबाई हात जोडून नमस्कार करायच्या तेव्हा कापशी त्यांच्याकडे धावत यायची, कारण लांबून ते 'ये'सारखं दिसत होतं. आता त्या देवासमोर बसताना दार लावून घेतात.

जे भेटायला जाणार आहेत त्यांच्यासाठी. गाडी कंपाउंडबाहेर लावा. फाटक उघडण्याआधी कापशी कुठे आहे ते घुंगरावरून बघा, ती फाटकाशीच झोपते. मागून जाऊ नका. ओळखीचा वास आला तरी तिला ओळखायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं उभं राहा. संध्याकाळी जाणार असाल तर टॉर्च न्या. छातीवर दोन बोटं ठेवा, मग हात पसरा. पट्ट्याचं नवं मॉडेल तयार आहे, या वेळी वॉटरप्रूफ डबीत. रविवारी जो जाईल त्याने रूम नंबर ४१ मधून घेऊन जावं, आणि चार्जर विसरू नये.